संकेतस्थळाचे भाडे का वाढते?

ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या दप्तराचे स्वरूप गेल्या दोन दशकांत पुष्कळ बदलले आहे. पूर्वी कपाटात राहणारी माहिती आता लोकांना घरबसल्या पाहता यावी, अशी अपेक्षा असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानेही सार्वजनिक प्राधिकरणांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी आणि त्यासाठी इंटरनेटसह विविध साधनांचा उपयोग करावा, असे सांगितले आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात सुशासनयुक्त पंचायतीला महत्त्वाचे स्थान देण्यात आले. अशा वातावरणात अनेक गावांनी आणि शाळांनी स्वतःची संकेतस्थळे उघडली. परंतु संकेतस्थळ उघडणे ही एकदाच करावयाची गोष्ट नव्हे. त्यासाठी लागणाऱ्या जागेचे भाडे दरवर्षी द्यावे लागते आणि अलीकडे या भाड्यात वाढ होत आहे. ‘यंत्रसामग्री महाग झाली’ असे कारण पुरवठादार देतात. मासिक सभेपुढे असे वाढीव देयक आले म्हणजे ते मंजूर करावे की नाकारावे, असा प्रश्न सदस्यांना पडतो. हे कारण कितपत खरे आहे आणि त्यात वाढीचा किती भाग बसतो, हे समजून घेतल्यास निर्णय करणे सोपे होईल.

संकेतस्थळ असते कोठे?

भरे हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील, पिरंगुट–घोटवडे परिसरातील गाव. तालुक्याचे ठिकाण पौड. याच तालुक्यात हिंजवडी आणि माण ही गावे आहेत, आणि तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे आहे. भरे येथील एखाद्या शाळेने उद्या संकेतस्थळ उघडले, तर ते शाळेच्या संगणकात राहणार नाही. शाळेतील वीज गेली किंवा सायंकाळी संगणक बंद केला, तरी पालकांना ते दिसले पाहिजे. म्हणून ते अहोरात्र चालणाऱ्या अधिक क्षमतेच्या संगणकावर ठेवावे लागते. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. शेकडो सर्व्हर एकत्र ठेवलेल्या, अखंड वीजपुरवठा आणि थंडावा यांची सोय असलेल्या इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. सर्व्हरवरील जागा भाड्याने देण्याचा व्यवसाय ‘वेब होस्टिंग’ या नावाने ओळखला जातो.

अशी केंद्रे महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आहेत. समुद्राखालून येणाऱ्या दूरसंचार तारा मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, त्यामुळे मुंबई–नवी मुंबई हा पट्टा देशातील डेटा सेंटरांचे प्रमुख ठिकाण बनला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात आपली केंद्रे सुरू केली, तेव्हा त्यांतील एक पुण्यात होते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबई हे ठिकाण निवडले. तथापि केंद्र जवळ असले म्हणून भाडे कमी होते, असे घडत नाही. इमारत, वीज आणि माणसे येथील असली, तरी सर्व्हरचे महत्त्वाचे भाग परदेशातून येतात आणि त्यांची किंमत जागतिक बाजारात ठरते. हिंजवडीतील सर्व्हर काय किंवा जर्मनीतील सर्व्हर काय, दोहोंना लागणारी मेमरी त्याच मोजक्या कारखान्यांतून येते.

एका यंत्राचे अनेक भाडेकरू

सर्व्हरमध्ये मुख्यतः तीन भाग किमतीचे असतात. पहिला भाग प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर. तो आकडेमोड करतो. दुसरा भाग मेमरी किंवा रॅम. चालू असलेले काम ज्या जागेत मांडलेले असते ती ही जागा होय. तिसरा भाग कायमच्या साठवणीचा. त्यासाठी पूर्वी फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क वापरीत, आता बव्हंशी एसएसडी वापरतात. कार्यालयाच्या उदाहरणाने सांगावयाचे तर प्रोसेसर हा काम करणारा लिपिक, मेमरी हे त्याचे टेबल आणि साठवण हे फायलींचे कपाट होय. कपाट कितीही मोठे असले, तरी टेबल लहान असल्यास एका वेळी थोड्याच फायली उघडता येतात.

छोट्या संस्थेला सबंध सर्व्हर कधीच लागत नाही. म्हणून पुरवठादार एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे ठेवतो. सर्वांत स्वस्त प्रकारात शेकडो संकेतस्थळे एकच यंत्र सामाईकपणे वापरतात. त्याहून वरच्या प्रकारात एका यंत्राचे संगणकीय विभाग पाडून प्रत्येक ग्राहकाला मेमरीचा ठराविक हिस्सा नेमून देतात; यास आभासी सर्व्हर म्हणतात. तिसऱ्या प्रकारात सबंध यंत्रच एका ग्राहकाला मिळते.

या वाटणीत मेमरीचे स्थान निराळे आहे. प्रोसेसरचा वेळ आळीपाळीने अनेकांना देता येतो, कारण बहुतेक संकेतस्थळे दिवसाचा बराच काळ निवांत असतात. मेमरीचे तसे नाही. आभासी सर्व्हरला नेमून दिलेली मेमरी बहुधा त्याच्याकडेच राहते. त्यामुळे एका यंत्रावर किती ग्राहक बसवावयाचे, हे मुख्यतः मेमरीवरून ठरते. ती महाग झाली, की या व्यवसायाचा पायाच महाग होतो.

मेमरीची टंचाई कशी उद्भवली?

संगणकात सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या मेमरीला डीरॅम असे नाव आहे. जगातील तिच्या उत्पादनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. हा धंदा चढउताराचा म्हणून प्रसिद्ध आहे. भाव चढले की कारखाने वाढतात, माल जास्त होतो, भाव कोसळतात, मग उत्पादन आटते. २०२३ मध्ये भाव इतके उतरले होते की या कंपन्यांना मोठा तोटा सोसावा लागला आणि त्यांनी उत्पादनात कपात केली.

त्याच सुमारास मागणीचे एक नवे क्षेत्र खुले झाले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची उभारणी जगभर वेगाने सुरू झाली. या कामासाठी लागणाऱ्या प्रक्रियकांना एचबीएम नावाची विशेष मेमरी जोडावी लागते. तिच्यात मेमरीच्या चिपा एकावर एक रचून अतिवेगाने माहिती पोहोचविण्याची व्यवस्था असते. ही मेमरी त्याच कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या तबकड्यांवर तयार होते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीपेक्षा एचबीएमला सुमारे तिप्पट तबकडी खर्ची पडते, असे मायक्रॉनने सांगितले आहे. म्हणजेच एचबीएमसाठी वळविलेल्या प्रत्येक तबकडीमागे साध्या मेमरीचा बाजारातील पुरवठा मोठ्या प्रमाणात घटतो. उसाकडे वळविलेल्या पाण्याने ज्वारीचे क्षेत्र कसे आटते, हे जाणणाऱ्यांस हा प्रकार निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने आपल्या प्रचंड केंद्रांसाठी सॅमसंग व एसके हायनिक्स यांच्याशी प्राथमिक करार केला. त्यात दरमहा ९ लाख तबकड्यांपर्यंतच्या पुरवठ्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी व एसएसडी विकण्याचा आपला २९ वर्षांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. मोठ्या ग्राहकांच्या मागणीकडे लक्ष देणे हा त्यामागील हेतू होता. जुन्या पिढीची डीडीआर-४ मेमरी बनविणे उत्पादक कमी करीत होते, त्यामुळे जुन्या यंत्रांचे सुटे भागही महागले. २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांतच काही प्रकारच्या मेमरीचे किरकोळ भाव दुपटीच्याही वर गेले. एसएसडीमधील चिपांचे भावही या लाटेत चढले.

नवा कारखाना उभारून टंचाई ताबडतोब दूर करता येत नाही. मेमरीचा कारखाना उभा राहून त्यातून पूर्ण क्षमतेने माल निघेपर्यंत काही वर्षे जातात. गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनने २०२३ मध्ये जाहीर केलेला प्रकल्प महत्त्वाचा आहे. पण तो चिपांची जुळणी व चाचणी करण्याचा आहे, मूळ तबकड्या परदेशातूनच येतात.

भाववाढीचे पूर्वानुभव

यंत्रसामग्रीच्या तुटवड्याने संगणक महागण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निहामा येथे सुमितोमो केमिकल या कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांवर आवरण घालण्यासाठी लागणाऱ्या एका राळेचा जगातील निम्म्याहून अधिक पुरवठा त्या एका कारखान्यातून होत असे. काही आठवड्यांतच मेमरीचे भाव जवळजवळ दुप्पट झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानमध्ये भूकंप झाला, तेव्हाही मेमरीचे भाव भडकले.

२०११ च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये महापूर आला. तो देश हार्ड डिस्कचा जगातील मोठा उत्पादक होता. वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा तेथील कारखाना पाण्याखाली गेला आणि हार्ड डिस्कचे भाव झपाट्याने चढले. कारखाने काही महिन्यांत सुरू झाले. भाव मात्र पूर्वपदावर येण्यास त्याहून अधिक काळ लागला.

या घटनांतून दोन गोष्टी लक्षात येतात. उत्पादन फार थोड्या ठिकाणी एकवटले असल्यामुळे दूरदेशीच्या एका अडचणीची झळ सर्वत्र पोहोचते, ही पहिली. भाव चढतात तितक्या त्वरेने ते उतरत नाहीत, ही दुसरी. मात्र १९९३, १९९९ आणि २०११ मधील कारणे अपघाताची किंवा निसर्गाची होती. २०२५ मधील टंचाई मागणीतून निर्माण झाली असल्याने ती केवळ दुरुस्तीने दूर होणारी नाही.

दरवाढीची लाट

डेटा सेंटर चालविणाऱ्यांना ही वाढ फार काळ स्वतःच्या नफ्यातून सोसणे शक्य नसते. फ्रान्समधील ओव्हीएच क्लाउड या कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी नोव्हेंबर २०२५ मध्येच, पुढील वर्षाच्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात अशा सेवांचे दर ५ ते १० टक्क्यांनी वाढतील, असा अंदाज व्यक्त केला होता. स्वस्त दरांबद्दल प्रसिद्ध असलेल्या हेट्झ्नर या जर्मन कंपनीने १ एप्रिल २०२६ पासून नवे, वाढीव दर लागू केले.

भारतात या वाढीला आणखी एका कारणाची जोड मिळते. मेमरी, प्रोसेसर, एसएसडी या सर्वांचे व्यवहार डॉलरमध्ये होतात. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरचा भाव ९० रुपयांच्या वर गेला. डॉलरमधील किंमत तीच राहिली तरी रुपयांतील खर्च वाढतो; येथे तर किंमत आणि विनिमयाचा दर दोन्ही एकाच वेळी वाढले. भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्यामुळे मूळ भाड्यात पडलेल्या प्रत्येक रुपयामागे ग्राहकाला १ रुपया १८ पैसे द्यावे लागतात.

यंत्र जुनेच असताना जुन्या ग्राहकाचे भाडे का वाढावे, हा प्रश्न सभेत हमखास निघतो. सर्व्हरचे आयुष्य साधारणतः पाच वर्षांचे धरतात. त्यामुळे मोठ्या केंद्रात दरवर्षी काही यंत्रे बदलावी लागतात आणि बिघडलेले भाग नव्या भावाने घ्यावे लागतात. संकेतस्थळ जुन्या यंत्रावरून नव्यावर हलविले गेले, तरी ग्राहकाला ते कळतही नाही. म्हणून बहुतेक पुरवठादार जुन्या-नव्या यंत्रांचा खर्च एकत्र धरून सर्वांना एकच दर लावतात. या पद्धतीत काही गैर नाही. मात्र वाढ किती असावी, हे तपासता येते.

भाड्याचा हिशोब

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. ५१२ जीबी मेमरीचा एक सर्व्हर आहे, असे समजू. त्याची एकूण किंमत ६ लाख रुपये असून त्यात मेमरीचा वाटा २ लाखांचा आहे. यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी ३२ जीबी राखून ठेवल्यास ४८० जीबी उरते. प्रत्येक ग्राहकाला ४ जीबी दिल्यास १२० ग्राहक बसतात. ६ लाख रुपये पाच वर्षांत, म्हणजे ६० महिन्यांत वसूल करावयाचे, तर दरमहा १०,००० रुपये आणि प्रत्येक ग्राहकामागे सुमारे ८३ रुपये पडतात.

आता मेमरीची किंमत अडीच पटींनी वाढून ५ लाख झाली. सर्व्हरची किंमत ९ लाख रुपये होईल. दरमहा वसुली १५,००० रुपये आणि ग्राहकामागे १२५ रुपये. म्हणजे यंत्राचा खर्च ग्राहकामागे ४२ रुपयांनी वाढला.

परंतु ग्राहक केवळ यंत्राचे पैसे देत नाही. वीज, थंडावा, इमारत, जोडणी, कर्मचारी आणि नफा मिळून पूर्वीचे भाडे दरमहा २५० रुपये होते, असे धरू. त्यातील यंत्राचा वाटा ८३ रुपयांचा, बाकीचा १६७ रुपयांचा. नवे भाडे १६७ अधिक १२५, म्हणजे २९२ रुपये होते. ही वाढ सुमारे १७ टक्क्यांची आहे. मेमरी अडीच पट महागूनही भाडे अडीच पट झाले नाही, हे या हिशोबावरून दिसून येईल. प्रत्यक्षातील आकडे प्रत्येक पुरवठादाराचे वेगळे असतील. मेमरी अधिक घेणाऱ्या आभासी सर्व्हरवर वाढ जास्त पडेल, शेकडो संकेतस्थळांच्या सामाईक प्रकारात ती कमी पडेल. तरीही याच प्रकारच्या सेवेचे भाडे एकदम दुप्पट करून त्याचे सारे खापर यंत्रसामग्रीवर फोडले जात असेल, तर पुरवठादाराकडून लेखी खुलासा मागविणे योग्य ठरेल.

देयकातील बाबी वेगळ्या पाहाव्यात

संकेतस्थळाच्या देयकात बहुधा तीन-चार निरनिराळ्या बाबी एकत्र केलेल्या असतात. जागेचे भाडे, नावाची नोंदणी, देखभालीचे शुल्क आणि कर अशा त्या होत. यांपैकी यंत्रसामग्रीच्या भावाचा थेट संबंध फक्त पहिल्या बाबीशी आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ही केवळ एक नोंद असते. मेमरी महागली म्हणून तिचे शुल्क वाढण्याचे कारण नाही. ‘डॉट इन’ या शेवटाच्या नावांची व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते. ‘डॉट भारत’ हा देवनागरी शेवट २०१४ पासून उपलब्ध असून मराठीतही नाव घेता येते.

दुसरी बाब पहिल्या वर्षाच्या सवलतीची. अनेक पुरवठादार पहिले वर्ष अत्यल्प दराने देतात आणि दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर लावतात. ही वाढ मूळ अटींतच असते. ती यंत्रसामग्रीच्या नावावर घालणे बरोबर नाही, तसेच ती अन्यायाची आहे असे म्हणणेही बरोबर नाही. म्हणून दरपत्रके मागविताना पहिल्या वर्षाच्या दराऐवजी तीन वर्षांच्या एकूण खर्चाची तुलना करावी. दर वाढविण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल आणि सेवा सोडताना सर्व मजकुराची प्रत मिळेल काय, या दोन अटी लेखी असाव्यात.

ज्या कामांना भाडे लागत नाही

गावाच्या संगणकीय कामांपैकी फार मोठा भाग शासनाच्या मध्यवर्ती व्यवस्थेवर चालतो आणि त्यासाठी गावाला जागा भाड्याने घ्यावी लागत नाही. ग्रामपंचायतीचे नियोजन व हिशोब २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या व्यवस्थेत नोंदविले जातात. सातबारा व आठ-अ हे उतारे महसूल विभागाच्या व्यवस्थेतून मिळतात. शाळांची आकडेवारी यूडायस प्लसमध्ये, तर शिक्षकांचे वेतन शालार्थ प्रणालीत असते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’वर शैक्षणिक साहित्य उपलब्ध आहे. तेच साहित्य आणि चित्रफिती पुन्हा आपल्या संकेतस्थळावर साठवून जागेचा खर्च वाढविण्यापेक्षा तेथील दुवा देणे पुरेसे होते.

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने शासकीय क्लाउड सेवा सुरू केली. याच केंद्राच्या एसथ्रीवास या सोयीवर अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे चालतात. ग्रामपंचायतीने वा शाळेने खाजगी जागा घेण्यापूर्वी जिल्हा परिषदेकडे किंवा जिल्हा सूचना विज्ञान कार्यालयाकडे चौकशी करून, वरिष्ठ कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपले पान ठेवता येईल काय, हे पाहणे हिताचे आहे.

काटकसरीचे मार्ग

स्वतंत्र संकेतस्थळ आवश्यकच असेल, तर ते हलके ठेवणे हा खर्च आटोक्यात ठेवण्याचा उत्तम उपाय होय. युनिकोड पद्धतीने लिहिलेल्या मराठी मजकुरातील प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे एक पान सुमारे ६ केबीत मावते. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सहज ४ एमबीचे असते. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेत मजकुराची साडेसहाशेंहून अधिक पाने बसतात. ग्रामसभेचे इतिवृत्त कागदावर छापून, त्याची प्रतिमा घेऊन चढविण्याची पद्धत सर्रास आढळते. तेच युनिकोडमध्ये टंकित करून ठेवल्यास जागा वाचते, मजकूर शोधता येतो आणि दृष्टिहीन व्यक्तींना तो संगणकाकडून वाचून घेता येतो. छायाचित्रे ठेवावयाची असल्यास त्यांचा आकार कमी करून प्रत्येकी २०० केबीपर्यंत आणावा. पडद्यावर पाहताना फरक जाणवत नाही.

संकेतस्थळाच्या रचनेचाही खर्चाशी संबंध आहे. वाचकाने मागणी केल्यावर प्रत्येक वेळी नव्याने पान तयार करणाऱ्या रचनेला अधिक मेमरी लागते. आधीच तयार करून ठेवलेली साधी पाने अत्यल्प मेमरीत चालतात. सरपंच व सदस्यांची नावे, कार्यालयाची वेळ, कराचे दर, दाखल्यांसाठी लागणारी कागदपत्रे, अंदाजपत्रक आणि सभेचे ठराव एवढ्यासाठी साधी पाने पुरेशी आहेत. मेमरी महाग असण्याच्या काळात आभासी सर्व्हर सोडून सामाईक जागेत येणे हा अनेक लहान संस्थांना परवडणारा मार्ग आहे.

नावाचे आणि दप्तराचे रक्षण

वाढीव देयकाबाबत वाद निर्माण झाला की ते तसेच पडून राहण्याची शक्यता असते. यातला धोका ओळखला पाहिजे. भाडे न भरल्यास संकेतस्थळ प्रथम बंद होते आणि काही काळानंतर पुरवठादार त्यावरील मजकूर काढून टाकतो. नावाचे नूतनीकरण न झाल्यास ठराविक मुदतीनंतर ते नाव कोणालाही घेता येते. गावाच्या किंवा शाळेच्या नावाने दुसऱ्याच कोणी पान उघडून कर भरण्याचे वा प्रवेश शुल्काचे खोटे आवाहन केल्यास सामान्य माणसाला फरक कळणे कठीण. वाचलेल्या काहीशे रुपयांच्या मानाने हे नुकसान फार मोठे आहे. जागेच्या भाड्याबाबत घासाघीस करावी, पुरवठादारही बदलावा. परंतु नावाचे नूतनीकरण मात्र मुदतीपूर्वी झाले पाहिजे.

यासाठी काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. नावाची नोंदणी पुरवठादाराच्या किंवा संगणक चालकाच्या नावे न करता संस्थेच्या नावे असावी. तिला जोडलेला ई-मेल व दूरध्वनी क्रमांक कार्यालयाचा असावा, म्हणजे कर्मचारी बदलला तरी सूचना येत राहतील. परवलीचा शब्द सीलबंद पाकिटात कार्यालयाच्या दप्तरी ठेवावा आणि कार्यभार देताना-घेताना त्याची नोंद करावी. संकेतस्थळाची संपूर्ण प्रत दर तीन महिन्यांनी वेगळ्या साठवण यंत्रावर घेऊन ती कार्यालयात जपावी. अशी प्रत हाती असली म्हणजे पुरवठादाराशी बोलताना संस्थेची बाजू बळकट राहते, कारण दुसरीकडे जाणे सोपे होते. नूतनीकरणाच्या तारखा सूचना फलकावर किंवा सभेच्या कार्यसूचीत आणाव्यात. अंदाजपत्रकात या खर्चासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवून गतवर्षीच्या रकमेपेक्षा काही अधिक तरतूद केल्यास आयत्या वेळी अडचण येणार नाही.

मेमरीच्या धंद्यातील चढउताराचा इतिहास पाहता भाव कायम चढे राहतील, असे म्हणता येणार नाही. नवे कारखाने उत्पादनाला लागतील आणि पुरवठा वाढेल. तोपर्यंत वाढीव दराचा काही भाग स्वीकारावा लागेल. म्हणून या काळात दीर्घ मुदतीचे करार करताना, बाजारभाव उतरल्यास दराचा फेरविचार होईल, अशी अट घालून घ्यावी. भरेसारख्या गावातील ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा मुख्याध्यापकाला जागतिक बाजारातील भाव ठरविता येत नाहीत. पण देयकातील प्रत्येक बाब कशासाठी आहे हे विचारणे, गरजेपुरतीच जागा घेणे आणि गावाचे नाव व दप्तर आपल्या ताब्यात ठेवणे, हे सर्वस्वी त्यांच्या हाती आहे. लोकांसाठी खुली केलेली माहिती एखादे देयक थकल्यामुळे पुन्हा बंद होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक संस्थेने घ्यावयास हवी.